ख्रिस्तावर नव्याने विश्वास ठेवलेल्या भावाला

भाऊ, जग बिघडलंय हे तू दर रविवारी सांगतोस. खरंही असेल. पण म्हणून गावाशी संबंध तोडू नकोस. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला हेच लिहिलंय (1 करिंथ 5:10): तसं करायचं तर जगातूनच निघून जावं लागेल. लग्नाला जा, हळदीला जा, भरीत-पुरी पोटभर खा. दारू पुढे आली तर पाणी माग. थोडे दिवस हसतील.

खरी कसोटी तुझ्या शेतात आहे. याकोबाचं पत्र वाच, जेमतेम 5 अध्याय. 5:4 मध्ये कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे वर्षभराच्या गड्याचा, हिशेब करशील, तेव्हा उचल किती दिली हे त्याच्यासमोर वहीत लिही. खाडे मनाने वाढवू नकोस. कापूस वेचणाऱ्या बायांचं वजन त्यांच्या डोळ्यांदेखत कर. खोट्या तराजूबद्दल नीतिसूत्रे 11:1 स्पष्ट आहे. आपल्यातलेही काही इथे गप्प बसतात, आणि सिनेमावर मात्र तासभर बोलतात!

नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत, रोज एक वाच. मोठ्याने वाचलास तर घरच्यांच्याही कानावर पडेल. आणि शेजाऱ्याला देवाचं वचन ऐकवण्याआधी त्याची मागच्या हंगामातली उसनवारी फेड.