बाटली काप, पट्टी चिकटव

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. आई पुन्हा नोकरीला जायला लागली, घरीच शिकणाऱ्या धाकट्या भावाचं शिकणं तुझ्या अंगावर आलं, आणि आठ वर्षांचा होऊनही तो चार ओळी सलग वाचत नाही म्हणून तुझी झोप उडाली आहे. त्यात आत्याबाईंनी चारचौघांत "शाळेत घातला असता तर एव्हाना घडाघडा वाचला असता" असं सुनावलं. आत्याबाईंना चहा दे आणि विषय बदल. तिसरीच्या वर्गात बसूनही अडखळत वाचणारी मुलं त्यांच्याच आळीत सापडतील.

मला खटकलं ते तुझं वेळापत्रक. सोमवारी मातीकाम, मंगळवारी कागदाच्या घड्या, बुधवारी सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, गुरुवारी भेंडीचे ठसे, आणि रोज अकरा ते बारा 'वाचन'. ही शाळाच झाली की, फक्त घंटा नाही आणि मधल्या सुट्टीत खेळायला पोरं नाहीत. शिवाय त्या पोराने एक गोष्ट नेमकी हेरली आहे: वाचन म्हणजे कडू औषध आणि हातकाम म्हणजे त्यावरची साखर. ज्वालामुखी फसफसतो, फोटो निघतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठे येतात आणि फरशी तू पुसतेस. त्या फसफसण्याची घरात कुणालाच गरज नव्हती, हे मुलांना बरोबर कळतं.

त्याला असं काम दे ज्याचं उत्तर घरातल्या कुणाला तरी खरोखर हवं असेल, आणि जे करताना मध्येच काहीतरी वाचावं लागेल. वाचायचं म्हणून नव्हे, अडलं म्हणून. असं काम रोज सापडत नाही. महिन्याला एक सापडलं तरी पुष्कळ.

एक तर दारातच उभं आहे. मृग लागायला आठवडाही उरला नाही. तुमच्या चिपळुणात पुढचे चार महिने पावसाशिवाय दुसरा विषय नसतो, आणि पन्हळीचं पाणी विहिरीत सोडावं का, हे तुझे बाबा गेली दोन वर्षं नुसतं बोलत आहेत. किती पाणी मिळेल हे कुणालाच माहीत नाही. ते धाकट्याने सांगायचं.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घे, अंग सरळ उभं असलेली. कमरेला खाच असलेली नको. खांद्याच्या जरा खाली, जिथे ती पुरती रुंद होते, तिथे काप. कटर तुझ्या हातात, बाटली त्याच्या. वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसव. बुडाला उंचवटे असतात, तिथे माप चुकतं. म्हणून तळात खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भर, आणि त्या पातळीला शून्य येईल अशी पट्टी बाहेरून चिकटव. पट्टीचा शून्य अगदी टोकाला नसतो, जरा आत असतो. हे तू सांगू नकोस. पहिल्या दिवशी तो चुकीची चिकटवेल, दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच दिसेल. रोज मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचं.

बाटली उघड्यावर, जमिनीपासून फूटभर उंच, विटांच्या मध्ये घट्ट बसव. पागोळीखाली ठेवलीस तर पागोळीच मोजाल. घर किंवा माड जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवावी असं म्हणतात. तुमच्या अंगणात तशी जागा आहे का, हेही त्यालाच टेपने बघू दे.

मोजायचं सकाळी साडेआठला. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच नोंदतं, त्यामुळे धाकट्याचा आकडा आणि पेपरातला आकडा शेजारीशेजारी ठेवता येतात. पेपरात तालुक्यांचा तक्ता येतो. त्यातलं 'चिपळूण' शोधायला तो पहिल्या दिवशी तुझ्याकडे येईल. दाखव. दुसऱ्या दिवशी म्हण, "मी चहा टाकतेय, तूच बघ." मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, संगमेश्वर ही नावं त्याने जन्मापासून ऐकली आहेत, एसटीच्या पाट्यांवर पाहिली आहेत. कानाला माहीत असलेला शब्द डोळ्यांनी ओळखणं सोपं जातं. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. त्याच्या बाटलीत 80 भरले असतील, तर बातमीतला तो शब्द तो ओढून काढेल, जोडाक्षरासकट. आणि एखाद्या दिवशी 200 पडले की बाटली भरून वाहील. तेव्हा संध्याकाळीही मोजून रिकामी करायची आणि दोन आकडे मिळवायचे. बेरजेचं पुस्तक उघडू नकोस.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराचं माप दोघं मिळून घ्या. समजा ते 40 चौरस मीटर भरलं आणि 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर हजार लिटर वाहून गेले. थोडं उडतं, थोडं मुरतं, ते सोड. जुलैअखेरीस बाबांनी वही मागितली पाहिजे, आणि वही त्याच्या अक्षरात पाहिजे. बाबांना आधी सांगून ठेव, कौतुक करू नका, प्रश्न विचारा.

भिंतीवरची दिनदर्शिकाही त्याच्या उंचीवर आण. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं: बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर, मेंढा, गाढव. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर पाऊस भरपूर, कोल्हा-मेंढा असला तर ओढ, अशी समजूत. आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा गमतीचं वाचायला काय हवं? नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं. वाहन लिहून ठेवायचं, खाली बाटलीचे आकडे मांडायचे, आणि हस्त संपला की आजीला विचारायचं, कोल्हा खरा ठरला की खोटा. आजी वाद घालतील. घालू देत. छापलेलं तपासून बघायची सवय या वयात लागली तर तिचं मोल वाचनापेक्षा कमी नाही.

दुसरं काम जरा जपून करायचं. 22 जुलै 2021 चा पूर तेव्हा त्याला कळला नसेल, पण तुमच्या बाजारपेठेत प्रत्येकाला तो आठवतो. ओळखीच्या चार-पाच दुकानदारांना, घरच्यांना विचारायचं: पाणी कुठवर आलं होतं? खूण दाखवली की टेपने जमिनीपासून मोजायचं. ज्यांना बोलायचं नसेल त्यांना आग्रह नको; काहींचं फार गेलं आहे. घरी आल्यावर तो सांगेल ते तू लिही, त्याच्याच शब्दांत, त्याचं "काकांच्या दुकानात फ्रीज तरंगत होता" असंच्या असं. व्याकरण सुधारू नकोस. दुसऱ्या दिवशी तोच कागद त्याच्या हातात दे. स्वतःचं बोलणं कागदावर पाहिलं की मूल ते वाचतं. वाक्य कुठे जाणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे नवं अक्षर भीती घालत नाही. माझ्या अनुभवात याच्याइतकं कामाला आलेलं पाठ्यपुस्तक नाही.

त्या फेरीत लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही जा. 1864 पासूनचं वाचनालय, 2005 च्या आणि 2021 च्या पुरात पुस्तकं भिजली, गेली, आणि पुन्हा उभं राहिलं. तिथे पाण्याची खूण विचारा. त्याच्या नावाने पुस्तक घेता येत असेल तर निवड त्याची त्याला करू दे, मग त्याने फक्त चित्रांचं आणलं तरी चालेल, तेच पुन्हा आणलं तरी चालेल.

आता उलट बाजू. प्रत्येक कामाला वाचन चिकटवू नकोस. सायकलचं पंक्चर काढायला शिकव आणि तिथे एक अक्षरही मध्ये आणू नकोस. ट्यूब फुगवून पाण्यात धरायची, बुडबुडे येतील तिथे बोट दाबायचं, पुसून खूण करायची, काचपेपरने घासायचं, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं. हे थांबणंच मुलांना जमत नाही. सोल्युशन ओलं असतानाच पॅच दाबतात आणि तो दोन दिवसांत सुटतो. बोटाला चिकट लागलं पण बोटावर आलं नाही, की दाब. ही अक्कल बोटातच असते, कागदावर उतरत नाही.

तू नई तालीमबद्दल विचारलं आहेस. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायची कल्पना मांडली, आणि त्या उद्योगातून शाळेचा खर्चही निघावा असं म्हटलं. टीकाकारांना तेव्हा भीती वाटली की मुलांकडून मजुरी करून घेतली जाईल. ती भीती अगदीच खोटी नव्हती. पण आजच्या घरी शिकणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांत मला दिसतं ते दुसरं टोक: मुलाच्या कामाचं काही मोलच नाही, ते फक्त 'अनुभव' म्हणून करायचं. तुमच्या घरी विहीर आहे, परसू आहे, आजी आहे. तुम्हाला अनुभव विकत आणायची गरज नाही.

रात्री मात्र त्याला वाचून दाखवत जा, तो स्वतः वाचायला लागला तरी. त्याला वाचता येईल त्यापेक्षा अवघड निवड. अर्थ विचारू नकोस, तात्पर्य तर मुळीच नको, आणि तो पडल्यापडल्या ट्यूबचे तुकडे कापत असेल तर कापू दे. हात गुंतलेले असले की कान मोकळे असतात. 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. पण पडद्यावर वाचून दाखवण्यात मजा नाही, म्हणून माझ्याकडचे काही पाठवते आहे.

एवढं सगळं करून दिवाळीपर्यंतही तो रोजच्या ओळखीची अक्षरं विसरत असेल, 'भ' आणि 'म' किंवा 'घ' आणि 'ध' यांत दरवेळी गोंधळत असेल, ओळ सोडून उडी मारत असेल, तर "उशिरा येईल, घाई काय" म्हणून बसू नका. आधी डोळे तपासा. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीची, रीतसर तपासणी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये वाट पाहण्याचं कौतुक फार आहे. वाट पाहणं आणि दुर्लक्ष यांत बाहेरून फरक दिसत नाही, म्हणून वहीत तारखा टाकून ठेव. परीक्षेची चिंता आत्ता नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसायला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, आणि शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्मही आहेच.

राहिली तू. बारावीचा अर्ज तू मुक्त विद्यालयातूनच भरणार असलीस तर एकदम पाच विषय अंगावर घेऊ नकोस. नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात. भावाला शिकवण्यात तुझं वर्ष जाईल अशी धास्ती तू दोन ओळींत लिहून खोडली आहेस, पण खोडलेलं वाचता येतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची माहिती काढ. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेली जागा आहे; तिथे वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया हे सगळं करत वर्षभराची निवासी पदविका घेता येते. तुझ्या हाताला ते मानवेल. आईशी मी बोलू का, की तू आधी बोलतेस, ते कळव.

अंक एसटीच्या पार्सलने येतील, स्टँडवर जाऊन आणावे लागतील. पावसाळ्यात कपाटात कोंडू नका, बुरशी धरते. बाहेरच राहू देत, फाटले तर फाटले.

तुझी,
मावशी