घरच्यांना घेऊन परसातली झाडं काढताना

तुम्ही विचारलंय की परसात झाडं खूप दाटलीत, घरची माणसं मदतीला आहेत, तर सुरुवात कुठून करायची. आम्ही हे घरीच केलंय म्हणून सांगतो, कुऱ्हाड सगळ्यात शेवटी उचला. आधी सगळे मिळून परसात फिरा आणि जी झाडं ठेवायचीत त्यांना चिंधी बांधा. पश्चिमेकडचं झाड शक्यतो ठेवाच, दुपारनंतरचं ऊन तेच अडवतं आणि तेवढी सावली परत मिळायला कित्येक वर्षं जातात. घरटी आहेत का बघा, तोडायला परवानगी लागते का तेही विचारून घ्या. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की पाण्याची लाईन, सेप्टिक टँक कुठून कुठे गेलंय. आमच्या बाबांना सगळं पाठ होतं, त्यामुळे खणताना एकही पाईप फुटला नाही.

पाडताना करवत एकाच्याच हातात, बाकीचे झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब, मुलं घरात. तारेजवळचं, घरावर झुकलेलं किंवा आतून पोकळ झालेलं झाड असेल तर जाणकार माणूसच बोलवा, प्लीज.

खरी मेहनत बुडख्याची असते. झाड जमिनीलगत कापू नका, तीन-चार फूट खोड ठेवा. मग भोवती खणायचं, जाड मुळ्या बहुतेक वरच्या दोनेक फुटांतच असतात, पाणी मारून माती धुतली की त्या उघड्या पडतात आणि कुऱ्हाडीची धारही टिकते, सगळ्या बाजूंनी तोडल्या की खोडाच्या वरच्या टोकाला दोर बांधून सगळ्यांनी मिळून हलवायचं, उंच खोड तरफेसारखं काम करतं. हलेना तर समजा खाली अजून एखादी मूळ धरून बसलीय, जोर लावण्यापेक्षा ती शोधा. सुबाभळीसारखं झाड असेल आणि बुडखा राहिलाच, तर कोंब दिसले की लगेच मोडत राहा.

पाला आणि बारीक फांद्या जाळू नका हो! तुकडे करा आणि राखलेल्या झाडांभोवती तीनेक इंच पसरा, फक्त खोडाला टेकवू नका आणि मातीत कालवू नका, ओलं लाकूड कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतं. हे काम मुलं आवडीने करतात.

खड्डे भरताना माती थोडी उंचच ठेवा, ती खाली बसते. फरशी, लॉन वगैरे एक पावसाळा गेल्यावरच.