गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय आणि पावसातली साताऱ्याची हिल मॅरेथॉन २५ दिवसांवर आली आहे. पळू का?

प्रश्न तुम्ही नीट मांडलाय, त्यामुळे नेमकं सांगता येईल. तुम्ही जळगावचे, आठवड्याला साधारण ३५ किलोमीटर पळता, बहुतेक मेहरूण तलावाभोवती आणि हायवेच्या कडेने. दोन आठवड्यांपासून उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सहाव्या किलोमीटरनंतर दुखायला लागतं. जिना उतरताना जास्त, चढताना जवळजवळ नाही. आणि समोर २१.१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन: निम्मं अंतर मुख्यतः यवतेश्वर घाटाचा चढ, मग त्याच रस्त्याने उतार, वरून पाऊस.

माझं उत्तर असं: चढ तुम्हाला जमेल, प्रश्न उताराचा आहे. पळायचं की नाही हे आज ठरवू नका, स्पर्धेच्या १० दिवस आधी खाली दिलेली चाचणी करून ठरवा. फी भरलीय, तिकीट काढलंय, ग्रुपवर सगळ्यांना सांगून झालंय, यातलं काहीही त्या निर्णयात धरू नका.

आपल्याकडे लोक दुखण्याचा विचार वेगळा करतात आणि पावसाचा वेगळा. घाटात ते दोन्ही एकमेकांत गुंततात. ओल्या उतारावर घसरू नये म्हणून माणूस अंग मागे टाकतो आणि टाच पुढे रोवतो. त्या ब्रेकचा भार गुडघ्यावर येतो. गुडघा दुखला की तो चालायला लागतो, आणि चालायला लागला की अंगात तयार होणारी उष्णता झपाट्याने कमी होते. कपडे ओले, वर वारा. थोड्याच वेळात कुडकुडायला होतं, स्नायू आखडतात, पाऊल वाकडं पडतं, गुडघा आणखी दुखतो. तयारी या सगळ्या साखळीची करायची आहे, नुसती गुडघ्याची नाही.

आधी हे दुखणं आयटी बँडचं, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याचं आहे ना, हे बघा. खुर्चीत बसा, गुडघा थोडा वाकवा, बाहेरच्या बाजूला सांध्याच्या साधारण दोन बोटं वर मांडीच्या हाडाचा उंचवटा लागेल. तो अंगठ्याने दाबून ठेवत पाय हळूहळू सरळ करा. पाय जवळजवळ सरळ होत आला की नेमकं तिथेच दुखलं, तर हे आयटी बँडचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. कंबरेपासून गुडघ्याखालपर्यंत मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा जातो, त्याच्याखालची जागा पुन्हा पुन्हा दाबली जाऊन चिडते. मात्र गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा भार टाकल्यावर दगा देत असेल, तर हे उत्तर इथेच सोडा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथे कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पळायला लागू नका.

उजवाच गुडघा का, याचं एक कारण तुमच्या वर्णनातच दिसतं. हायवेच्या कडेने समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजवीकडून पळतो, ते बरोबरच आहे. पण डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे उजवं पाऊल सतत खालच्या बाजूला पडतं. पावसाळ्यात हे वाढतं. साइडपट्टीची काळी माती बुटाला चिकटून एकेक बूट जड होतो, म्हणून सगळे मातीतून उठून डांबराच्या अगदी कडेवर येतात, आणि तिथेच उतार सर्वात जास्त असतो. तलावाभोवती कायम एकाच दिशेने फेऱ्या मारण्यानेही असंच होतं. उद्यापासून फेऱ्यांची दिशा एक दिवसाआड उलटी करा. हायवे सोडून कॉलनीतला सपाट रस्ता किंवा शाळेचं मैदान धरा.

पहिले पाच दिवस पळणं पूर्ण बंद. सपाटीवर चालणं चालेल, सायकल दुखत नसेल तर चालेल. सहाव्या दिवशी ३ किलोमीटर पळा आणि दुखायच्या आत थांबा. त्यानंतर एक दिवसाआड, प्रत्येक वेळी एक ते दीड किलोमीटर वाढवत. दुखणं शून्य ते दहा असं मोजा. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते आदल्या दिवसापेक्षा जास्त असता कामा नये. जास्त असेल तर पुढचं पळणं अंतर न वाढवता करा. चारच्या वर गेलं की त्या दिवशी तिथेच थांबा आणि चालत घरी या.

पावलं आखूड करा. एका पायाची पावलं ३० सेकंद मोजा आणि त्याला चारने गुणा. १६० येत असतील तर त्याच वेगाने १६८ पर्यंत न्या, म्हणजे पाच टक्के. मोबाईलवर मेट्रोनोमचं अॅप मिळतं, त्याच्या टिकटिकीवर पाऊल टाका. हा एवढा बदल गुडघ्यावरचा भार खरोखर कमी करतो आणि ओल्या उतारावर हीच सवय तुम्हाला उभं ठेवते.

व्यायाम तीनच सांगतो, एक दिवसाआड. भिंतीला पाठ लावून डाव्या कुशीवर झोपा, उजव्या पायाची टाच भिंतीला दाबून ठेवा, पायाची बोटं किंचित खाली, आणि पाय सावकाश वर-खाली करा: १५ वेळा, तीन फेऱ्या. मग कुशीवरचं प्लँक, म्हणजे एका कोपरावर आणि पावलाच्या कडेवर अंग सरळ उचलून धरायचं, प्रत्येक बाजूला ३० सेकंद, तीनदा. तिसरा महत्त्वाचा: १५ ते २० सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर उजव्या पायावर उभं राहून डावी टाच तीन सेकंदांत खाली टेकवायची आणि परत वर यायचं, आठ वेळा, तीन फेऱ्या. आरशासमोर करा. गुडघा आत झुकला तर पायरी कमी उंचीची घ्या, दुखलं तर आठवडाभर हा व्यायाम पुढे ढकला. फोम रोलर (स्नायूंवर फिरवायचा फोमचा गोल लोड) दुखऱ्या उंचवट्यावर फिरवू नका. त्या पट्ट्याची लांबी रोलरने वाढत नाही, चिडलेली जागा मात्र आणखी चिडते. कुल्ल्याच्या आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फिरवला तर आराम पडतो.

तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांची खरी अडचण ही की रोजचा रस्ता ताटासारखा सपाट. चढाचा सराव लागेल, तो उतार न पळता करा. धुळ्याजवळ लळिंगचा घाट आहे, नंदुरबारकडच्यांना तोरणमाळचा सातपायरी घाट आहे. सोबत मोटरसायकलवर कोणाला तरी घ्या, वर पळत-चालत जा आणि खाली गाडीने या. आयटी बँडला चढ सहसा त्रास देत नाही, त्यामुळे दम आणि पोटऱ्या तयार होतात आणि गुडघा वाचतो. मात्र टाचेमागची शीर दुखत असेल तर हा सल्ला उलटा होतो, तिला चढच जास्त त्रास देतो. लळिंगला महामार्गाची अवजड वाहनं असतात, म्हणून उजेड पडल्यावरच आणि भडक कपड्यांत. मुसळधार पावसात घाटात जाऊच नका. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत चाळीसगावच्या कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, हे आपल्या भागातल्या प्रत्येकाला आठवत असेल.

आता चाचणी. स्पर्धेच्या १० दिवस आधी सपाटीवर १२ किलोमीटर पळा, दर नऊ मिनिटांनी एक मिनिट चालत. त्यात शेवटी एक किलोमीटर सौम्य उतार मिळाला तर उत्तम. दुखणं तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर जा. नाही जमलं तर यंदा सोडा. ‘थोडंसंच जास्त दुखलं’ हेही नाहीच समजा, कारण साताऱ्याचा उतार तुमच्या चाचणीतल्या उताराच्या दहापट लांब आहे. चाचणीनंतर १० दिवसांत काही कमवायचं नसतं, चार-पाच किलोमीटरची हलकी पळणी पुरेत.

गोळीबद्दल स्पष्ट सांगतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असली वेदनाशामकं खाऊन उभं राहायचं नाही, आदल्या रात्रीही नाही. लांब पळताना मूत्रपिंडाला रक्तपुरवठा आधीच कमी होतो, त्यात पाणी कमी पडलं आणि वर ही गोळी असली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते; पोटातही रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय थांबायचं कधी हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे दुखणं, तीच गोळी पुसून टाकते. मला यात तडजोड मान्य नाही.

कपडे आणि बूट. सुती बनियन, सुती मोजे नकोत, पाणी धरून ते जड होतात आणि सोलतात. बूट किमान ६०-७० किलोमीटर वापरलेले हवेत, पण चवड्याखालचं रबर गुळगुळीत झालेलं नको. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. बुटाच्या सर्वात वरच्या जादा भोकातून लेस ओवून टाच घट्ट बांधा, म्हणजे उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. दुहेरी गाठ मारा, ओली लेस सुटते. बोटांच्या मधे, जांघेत, काखेत आणि कपड्याची शिवण घासते तिथे व्हॅसलीन भरपूर. छातीवर चिकटपट्टी, बायकांनी ब्राच्या खालच्या कडेलाही व्हॅसलीन. डोक्याला पुढे छज्जा असलेली टोपी, पाऊस डोळ्यांत जात नाही. कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्या, तळाला डोकं आणि हात जातील अशी भोकं पाडा. सुरू होईपर्यंत अंगात ठेवा आणि नंतर फेकू नका, घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचा. गुडघ्यावर टेप लावायचा असेल तर आदल्या रात्री, पाय साबणाने धुऊन, तेल-क्रीम काही न लावता, कोपरे गोल कापून. ओल्या अंगावर तो टिकत नाही. थोडा आधार वाटतो, दुखणं बरं होत नाही.

आदल्या दिवशी भरीत, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी बाजूला ठेवा. तिखट, तेल आणि जास्त चोथा घाटात पोटावर उठतो. वरण-भात, बटाटा, कमी तुपाची बट्टी चालेल. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, म्हणजे आपल्या जळगावच्या केळ्याने अर्धं काम भागतं, बाकी खजूर किंवा पळणाऱ्यांसाठी मिळणारं साखरेचं जेल. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा, घट्ट करू नका. पावसात तहान जाणवत नाही म्हणून अधूनमधून घोट घ्या, पण जबरदस्तीने लिटरच्या लिटर पिऊ नका, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं.

चढावर पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर. खडा चढ आला की चाला. उतारावर पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, पुढे टाकू नका. अंग किंचित पुढे, नजर तीन-चार मीटर पुढे. वाहतूक बंद असेल तर रस्त्याच्या मध्यावरून पळा, तिथे आडवा उतार नसतो. रंगाचे पांढरे पट्टे, कडेचं शेवाळ, वळणाच्या आतल्या बाजूला वाहून आलेली खडी, या तीन ठिकाणी पाय घसरतो. डबक्यावरून उडी मारू नका, तो दणका थेट गुडघ्याला बसतो. वळसा घाला.

थांबायचं कधी: दुखणं पाचवर गेलं आणि ५०० मीटर चालूनही उतरलं नाही, लंगडायला लागलात, किंवा गुडघा एकदा जरी लचकला. तेव्हा चालायला लागण्यापूर्वी ती काळी पिशवी अंगात घाला, कुडकुडण्याची वाट पाहू नका. दात वाजायचे थांबत नाहीत, केळं सोलायला बोटं ऐकत नाहीत किंवा शब्द अडखळतात, तर स्वयंसेवकाला सांगून गाडीत बसा, ओले कपडे काढा, गरम गोड चहा घ्या. सोबतचा माणूस गार असूनही कुडकुडायचा थांबला आणि बरळायला लागला, तर ती जास्त धोक्याची खूण आहे, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

विजेचं वेगळं. चमकणं आणि गडगडणं यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पळणं थांबवा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. हे साताऱ्यापेक्षा आपल्याकडच्या मे महिन्यातल्या अवकाळीत आणि परतीच्या पावसात जास्त लागू पडतं, तेव्हा सरावालाही हाच नियम ठेवा.

शेवटच्या रेषेनंतर दहा मिनिटांत कोरडे कपडे. ते आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच सामानात ठेवा. परत येताना महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावपर्यंत थेट आहे, पण प्रवास लांबचा, आणि गुडघा वाकवून तासन् तास बसणं याच दुखण्याला सर्वात वाईट. खालचा बर्थ घ्या, पाय सरळ ठेवा, दर तासा-दीड तासाने डब्यात एक चक्कर मारा. घरी आल्यावर चार दिवस पळू नका, पाचव्या दिवशी पुन्हा ३ किलोमीटरपासून.