पाण्याची बाटली भरलेलीच का येते?

प्रिय मावशी,

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. गेले तीन-चार महिने तिला कशाचीही भीती वाटते. रात्री कपाटामागे कुणीतरी उभं आहे म्हणते, पॅसेजमधला दिवा बंद करू देत नाही. कुकरची शिट्टी व्हायला आली की कान धरून बेडरूममध्ये पळते. शिट्ट्या थांबल्या की काही झालंच नाही अशी परत येते. गणपतीत ढोल-ताशाला घाबरून बाबाच्या खांद्याला अशी चिकटली की आम्हाला मिरवणूक सोडून घरी यावं लागलं. फुगे फुटतील म्हणून वाढदिवसाला जाताना रडते, गेल्यावर मात्र केक खाऊन येते. या सगळ्याला सासूबाई कारणीभूत आहेत. जेवली नाही की 'बुवा येईल', झोपली नाही की 'झोळीवाला नेईल'. मी सांगून सांगून थकले. हा अँक्झायटी डिसऑर्डर तर नसेल? नेटवर वाचल्यापासून माझीच झोप उडाली आहे. नवरा म्हणतो, मोठी झाली की जाईल.

शाळेचा मात्र काही त्रास नाही. ज्युनियर केजीच्या टीचर म्हणतात, इतकी शांत, गुणी मुलगी वर्गात दुसरी नाही. डबा संपवते, पाण्याची बाटली तेवढी भरलेलीच परत आणते आणि घरात शिरली की बूट न काढता बाथरूमकडे धावते. सासूबाई तिला सोडायला जातात. त्या म्हणतात, गेटपाशी पोर दगड होते. त्यांना सगळ्यातच काहीतरी दिसतं. घरात तर हिचं तोंड दिवसभर बंद नसतं. मी काय करू?

एक आई, डोंबिवली

*

अगं,

तुझं मूळ पत्र चांगलं दोन पानी आहे, इथे थोडक्यात छापलंय. त्या दोन पानांत कपाटामागचा माणूस आहे, कुकर आहे, ढोल आहे, सासूबाई तर पानोपानी आहेत. शाळेच्या वाट्याला शेवटच्या पाच-सहा ओळी आल्या, त्याही 'काही त्रास नाही' म्हणून. मी त्या ओळींपाशीच अडकून बसले आहे.

ती पाणी का पीत नाही गं?

साडेचार वर्षांचं मूल, चार तास शाळा, मधे मैदानावर पळापळ, आणि बाटली जशीच्या तशी. मग घरी येऊन बूटसुद्धा न काढता बाथरूमकडे धाव. हे दोन्ही तूच लिहिलंस, एकाच वाक्यात लिहिलंस आणि पुढे गेलीस. मला ते वाक्य असं दिसतं: पाणी प्यायलं की शू लागणार, शू लागली की टीचरना सांगावं लागणार, आणि सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून पाणीच प्यायचं नाही. एवढ्याशा जिवानं एकटीनं शोधून काढलेला उपाय आहे हा. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. पण तो चुकला की बरोबर आहे, हे तुला उद्या दुपारपर्यंत कळू शकतं. कसं, ते खाली सांगते.

आधी तुझ्या यादीचं उत्तर देते, म्हणजे तुझं डोकं तिथून मोकळं होईल. कपाटामागचा माणूस, कुकर, ढोल, फुगा, या चारांपैकी एकानेही माझी झोप उडवली नाही. भीतीलाही वय असतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याच्या कडेवर गेलं की भोकाड पसरतं. वर्ष-दीड वर्षाचं मूल आई दाराआड झाली की जीव टाकतं. तीन ते पाच या वयात अंधार, भूत, कुत्रा, मुखवटे, मोठे आवाज यांची पाळी येते. या वयात मनातली गोष्ट आणि बाहेरची गोष्ट यांच्यामधली भिंत अजून कच्ची असते. खाटेखाली वाघ आहे असं मनात आलं की तो तिथे असतोच. चोर, आग, आईबाबा मेले तर, या भीत्या त्याच्याही पुढच्या.

भीती आहे की नाही यावर आजार ठरत नाही. भीती मुलाकडून काय काय काढून घेते, ते बघायचं असतं. जवळ घेतल्यावर ती निवते का? भीतीची गोष्ट गेली की खेळ परत सुरू होतो का? जेवण, झोप, मैत्रिणी, शाळा यांतलं काही तिच्या हातून सुटत चाललंय का, आणि ते आठवड्यांमागून आठवडे तसंच आहे का? तुझी लेक शिट्ट्या थांबल्या की परत येते. रडत जाते, पण केक खाऊन येते. आणि मुख्य म्हणजे तुझ्याकडे धावत येऊन 'मला भीती वाटते' असं सांगते. या भीतीला आवाज आहे. पॅसेजमधला दिवा राहू दे चालू, वीज बिलाची काळजी नवऱ्याला करू दे.

शाळेतल्या भीतीला आवाज नाही, म्हणून ती कुणाला दिसली नाही.

मी बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं. एका पावसाळ्यात शाळा सुटायच्या वेळी मुलं दप्तरं घेऊन रांगेत उभी राहिली आणि एक मुलगी सतरंजीवरून उठेना. हाताला धरून उठवली, तर खाली सगळं ओलं. किती वेळ ती त्यात तशीच बसली होती, कुणास ठाऊक. रडली नाही. माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, आवाज काही फुटला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आठ महिन्यांत मी या मुलीचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. वर्गात तिचा कधी त्रास नव्हता, म्हणून तिच्याकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं. तिच्या प्रगतिपुस्तकावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'शांत व समंजस.' तिची आई न्यायला आली तेव्हा म्हणाली, घरी तर ही तुमच्या सगळ्या कविता म्हणून दाखवते, अगदी तुमच्यासारखे हातवारे करून.

त्या प्रगतिपुस्तकाची मला आजही शरम वाटते. म्हणून 'गुणी' या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही, आणि तुझाही राहू नये. मुलगा सहा महिने गप्प बसला तर शाळा निदान चौकशी करते. मुलगी गप्प बसली की तिला शाबासकी मिळते.

घरात अखंड बोलणारं मूल शाळेत किंवा बाहेरच्यांसमोर तोंडच उघडत नाही आणि हे महिनाभराहून जास्त चालतं, त्याला डॉक्टर सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, तेव्हा बरीच मुलं गप्प असतात. बुजरं मूल हळूहळू रुळतं. हे मूल रुळत नाही, दिवाळी येऊन जाते तरी. याला हट्ट समजू नकोस, शिष्टपणा तर मुळीच समजू नकोस. 1877 साली एका जर्मन डॉक्टरनं याला जे नाव दिलं, त्याचा अर्थच मुळी 'मुद्दाम धरलेलं मौन' असा होता. मूल बोलायचं नाकारतं, असा अर्थ निघणारं नाव अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत 1994 साली बदललं, आणि तिथल्या अँक्झायटीच्या विकारांत त्याला जागा मिळायला 2013 उजाडलं. आपल्या भाषेला मात्र हे आधीपासून ठाऊक आहे. भीतीनं बोबडी वळते, दातखीळ बसते, वाचा बसते, असं आपण म्हणतोच ना? तेच. त्या वेळी गळा खरोखर आवळून येतो. सासूबाई 'दगड होते' म्हणाल्या. अशी मुलं खरोखरच ताठ होतात, चेहऱ्यावरचं हसू जातं, हातपाय जागच्या जागी थांबतात. त्या बाईंनी गेटपाशी उभं राहून अचूक पाहिलं, आणि तू ते त्यांच्या चुकांच्या यादीत टाकलंस.

हे मी तुला लागावं म्हणूनच लिहिते आहे. बुवा आणि झोळीवाला बंद झालेच पाहिजेत, त्यात मी तुझ्या बाजूची आहे. रात्रीच्या भीतीला त्यांनी खतपाणी घातलं असेलही. पण बुवाच्या धाकानं शाळेतलं तोंड बंद होत नाही. काही मुलं जन्मतःच नव्या माणसांपुढे मागे सरणारी असतात, घरात आणखी कुणी तसं असतं, आणि त्यात नवी जागा, नवी भाषा यांची भर पडते. सासूबाईंवर राग काढत बसलीस तर लेकीकडे बघायचं राहून जाईल. आजवर तेच झालंय.

तू म्हणशील, शाळा इंग्लिश मीडियमची आहे, तिला इंग्रजी येत नसेल म्हणून गप्प असेल. असू शकतं. नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, ते ठीकच आहे. मग वर्गातल्या मावशींशी ती मराठीत बोलते का? शेजारी बसणाऱ्या मराठी मुलीच्या कानात तरी काही सांगते का? तिथेही गप्प असेल, तर अडचण इंग्रजीची नाही.

तर उद्याचं काम. शाळा सुटायच्या वेळी तू स्वतः जा. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घ्यावी लागली तर घे. 'कशी आहे वर्गात' असं विचारू नकोस, 'छान आहे' असंच उत्तर येईल. विचार: "तुम्ही माझ्या मुलीचा आवाज ऐकलाय का? शेवटचा कधी?" आणि दुसरं: "शू लागली की ती कसं सांगते?" मावशींनाही हेच विचार. शाळेतल्या बऱ्याच गोष्टी त्यांनाच जास्त माहीत असतात.

ऐकलाय, रोज ऐकतो, असं उत्तर आलं तर देवापुढे साखर ठेव आणि बाटलीचं दुसरं काही कारण आहे का ते शोध. टीचर क्षणभर थांबून 'तशी ती बोलत नाही' असं म्हणाल्या, तर त्याच आठवड्यात तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जा. लघवी तपासून घ्या, कारण मुली अशी तासन्‌तास दाबून ठेवतात तेव्हा इन्फेक्शन होऊ शकतं. कानही तपासा. आणि बालमानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मागा. कुठे जावं कळेना, तर 14416 हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिथे गेलं की गोळ्या सुरू करतील, ही भीती असेल तर सोड. या वयात उपचार म्हणजे बहुतेक खेळच असतो. शाळा भरण्यापूर्वी रिकाम्या वर्गात तू आणि ती, दोघीच खेळत बसायचं. ती तुझ्याशी तिथे मोठ्यानं बोलू लागली की टीचर दाराबाहेरून जातात. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहतात, कागद चाळतात, तिच्याकडे बघत नाहीत. मग दोन बाकं जवळ. असं करत एक दिवस त्या खेळात बसतात आणि तू उठून बाहेर येतेस. ही युक्ती जुनी आहे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका तीनेक वर्षांच्या मुलावर असाच प्रयोग लिहून ठेवला आहे. मूल आवडीचं खात बसलेलं असताना पिंजरा रोज थोडा जवळ आणायचा, इतका की ते घाबरणार नाही. शेवटी ते पोर सशाला हात लावून खेळायला लागलं. तुझ्या लेकीच्या बाबतीत ससा म्हणजे दुसऱ्याच्या कानावर पडणारा स्वतःचा आवाज आहे.

तोवर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. पाहुण्यांसमोर 'बोल ना, काकांना नाव सांग' बंद. 'बोललीस तर चॉकलेट' बंद. 'घरात वाघ, बाहेर शेळी' तर अजिबात नको, ते तिला सगळं कळतं. आणि कुणी तिला काही विचारलं की तू चटकन उत्तर देतेस ना? देतच असणार, सगळ्या आया देतात. मनात पाच आकडे मोज. नाहीच बोलली तर 'लाल हवा की निळा?' असं विचार, म्हणजे मान हलवून भागत नाही, आणि तरीही नाही बोलली तर हसून विषय बदल. टीचरना आजच एक विनंती कर: तिला एक चित्राचं कार्ड द्या, ते दाखवलं की बाथरूमला जायचं. पाणी त्या दिवसापासून पिता येईल तिला. बाकीच्याला वेळ लागेल.

'मोठी झाली की जाईल' या वाक्यावर नवऱ्याशी वाद घालू नकोस, त्याला सोबत ने. वर्गातली मुलं लवकर शिकतात. 'ती बोलत नाही' असं एकदा ठरलं की तीच तिच्या वतीनं उत्तरं द्यायला लागतात, आणि मग पहिला शब्द काढणं दर वर्षी जास्त जड होत जातं. साडेचार हे फार चांगलं वय आहे, गं. तू उशीर केलेला नाहीस.

आणि आज रात्री, लेक झोपल्यावर, सासूबाईंसाठी चहा ठेव, त्यांच्याजवळ बस आणि विचार की गेटपाशी नेमकं काय होतं, हात कुठे असतात, नजर कुठे असते, कोण आलं की ती जास्त घट्ट होते. लिहून घे. डॉक्टर तुला हेच विचारणार आहेत आणि हे घरात फक्त त्यांनाच माहीत आहे.

टीचर काय म्हणाल्या ते मला कळव. मी वाट बघते आहे.

तुझी,
मावशी