थीव्ह्ज कँट मराठी टेबलावर कशी चालवायची?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून पात्रं रंगवण्याच्या खेळात थीव्ह्ज कँट म्हणजे चोरांची सांकेतिक बोली. ती 'रोग' (Rogue, चोरट्या कसबाचं पात्र) या क्लासला, म्हणजे पात्राच्या प्रकाराला, येते. हा खेळ मराठीत चालवताना तुम्हाला आलेल्या दोन अडचणी तुम्ही लिहून पाठवल्यात, त्यांतली विझार्डची, म्हणजे जादूगार पात्राची, आधी निकालात काढतो. 'कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस' हा भाषा समजायचा स्पेल (मंत्र) टाकल्यावर कँटही समजायलाच हवी, असं तो म्हणतोय ना? त्या स्पेलने ऐकलेल्या बोलण्याचा फक्त शब्दशः अर्थ कळतो. तुमची रोग मासळीच्या भावाबद्दल बोलत असेल, तर विझार्डला मासळीचा भावच कळेल. चोरांनी भिंतीवर काढलेल्या गुप्त खुणांचंही तेच. त्याचा हट्ट पुरवू नका, नाहीतर रोग क्लासच्या एका खास गोष्टीवर पाणी पडेल.

आता दुसरा मुद्दा. रोग आणि गिल्डचा माणूस यांना तुम्ही च-च्या भाषेत बोलायला लावता आणि मग सगळं पोरकट वाटतं, असं लिहिलंय. वाटणारच. च-ची भाषा कानावर पडली की शेजारच्याला पहिल्यांदा हेच कळतं की इथे काहीतरी लपवाछपवी चालू आहे! खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये (नियमांच्या पुस्तकात) कँट म्हणजे साध्या वाटणाऱ्या गप्पांत निरोप दडवणं, आणि उघड सांगण्यापेक्षा त्याला चौपट वेळ लागतो. हा चौपट वेळ बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) सोडून देतात. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. सहा सेकंदांच्या निरोपाला चोवीस सेकंद, म्हणजे मारामारीचे चार राउंड (फेऱ्या). मारामारीत कँट जवळजवळ निरुपयोगी, पण भर बाजारात शिपाई शेजारी उभा असताना घासाघीस लांबवत बसावं लागतं, तेव्हा सगळं टेबल श्वास रोखून ऐकतं.

माझ्या कॅम्पेनमधल्या (अनेक बैठका चालणाऱ्या कथेतल्या) बंदरात चोरांचा अड्डा मासळीबाजारात आहे, म्हणून शब्दही तिथलेच. बांगडा म्हणजे पहारेकरी, बर्फ म्हणजे चारलेले पैसे, काटा म्हणजे हत्यार. गोदामावरच्या पहाऱ्याची माहिती आमच्या रोगने अशी काढून घेतली:

"मावशी, बांगडा कसा दिला?"
"तीनच उरलेत बघ. त्यातले दोन बर्फातले."
"आणि तिसरा?"
"तो आज सकाळी आलाय. पण काटे फार आहेत गं, पोराबाळांना नको देऊस."

तिघांपैकी दोघांना पैसे पोचलेत, तिसरा नवा आणि हत्यारबंद, नवशिक्यांना आत पाठवू नकोस. हा अर्थ मी चिठ्ठीवर लिहून फक्त तिला दिला. बाकीच्या पार्टीला (सोबतच्या खेळाडूंना) किती सांगायचं, ते तिने ठरवलं. (तिने निम्मंच सांगितलं, आणि पुढचं सेशन त्यावरच रंगलं.)

शब्द पाच-सहाच ठेवा आणि शहराच्या धंद्यातून काढा. बदलायची ती मुख्यतः नामं, व्याकरण नाही. इंग्लंडमध्ये टॉमस हार्मनने १५६० च्या दशकात छापलेल्या कँटच्या शब्दयादीत रात्र 'डार्कमन्स', दिवस 'लाइटमन्स' आणि डोळे 'ग्लेझिअर्स' आहेत. वाक्याचा सांगाडा मात्र साध्या इंग्रजीचाच. आपल्याकडे ठगांना पकडणाऱ्या कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या रामसी बोलीचा शब्दसंग्रह १८३६ मध्ये कलकत्त्याला छापला. तो पकडणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचा. तरी तंबाखूबद्दलचं एखादं साधं वाक्य हाच फास टाकायचा इशारा, ही त्यातली कल्पना तुमच्या खलनायकासाठी सोन्यासारखी आहे.

एक मात्र कळकळीने सांगतो. 'अस्सल' वाटावं म्हणून पारधी, कैकाडी किंवा कुठल्याही भटक्या समाजाची बोली चोरांच्या तोंडी घालू नका. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशयाची नजर आजही गेलेली नाही. त्या बोलींत आया मुलांना झोपवतात. कँट गिल्डमध्ये शिकायची असते, कुणाची मातृभाषा नसते. हा फरक टेबलावर पाळाच.

राहिल्या खुणा. इथे धोका आहे, हा अमुक गिल्डचा इलाका, जवळ माल आहे, इथली माणसं सहज फसतील, इथे लपायला जागा मिळेल: नियमात दिलेले हे निरोप भरपूर झाले. मी प्रत्येक खुणेपुढे वहीत दोन गोष्टी लिहितो, कोणी काढली आणि केव्हा. गिल्डची सत्ता बदलली तरी उंबरठ्याजवळची 'लपायला घर' ही खूण तशीच राहते, आणि घरात एव्हाना कोतवालाचा जावई राहायला आलेला असतो. खूण वाचायला रोगला रोल (फासा टाकणं) लागत नाही. ती किती जुनी आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर इन्व्हेस्टिगेशनचा, म्हणजे तपासाच्या कौशल्याचा, रोल मागा.