लेसिकनंतर (चष्मा घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेनंतर) दुसऱ्याच दिवशी 'डीएलके' सांगून दर तासाला स्टेरॉइडचे थेंब दिलेत, हे बरोबर आहे का?

हो, बरोबर आहे. फक्त दर एक-दोन दिवसांनी स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपासणी चुकवू नका. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलतात; तो फ्लॅप. डीएलके म्हणजे या फ्लॅपखाली जमलेल्या पांढऱ्या पेशी. हा जंतुसंसर्ग नसतो, त्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने तो जात नाही. पेशी कडेलाच असतील तर आजाराची पहिली पायरी, मध्यावर पसरल्या तर दुसरी. या दोन्हींत बहुधा प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १% हे स्टेरॉइड पुरतं. बाटली प्रत्येक वेळी नीट हलवा, औषध तळाशी बसतं आणि न हलवता टाकलं तर डोळ्यात पुरेसं औषध जात नाही. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मध्यभागी गुठळ्या होऊन नजर उतरू लागली की तिसरी पायरी: तेव्हा फ्लॅप उचलून खालून धुवावं लागतं, आणि त्यात दिरंगाई झाली तर कॉर्निया वितळून व्रण राहू शकतो. डोळा चोळू नका, फ्लॅप सरकतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. आठवडाभर थेंब टाकूनही धूसरपणा वाढतच असेल तर स्टेरॉइडनेच डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो. दिसायला ते डीएलकेसारखंच, पण उपाय उलटा: स्टेरॉइड बंद. फ्लॅपखाली पाणी साचल्याने मध्यावर मोजलेला दाब खोटा कमी येतो, म्हणून कडेलाही मोजायला सांगा. थेंब आपल्या मनाने मात्र थांबवू नका. ठणका, चिपडं किंवा एकच पांढरा ठिपका दिसला तर संसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.