चेस इंजिन 'हौशी' कसं असेल?

प्रश्न असा आलाय की बुद्धिबळाच्या इंजिनांवर, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, लिहिताना 'अमॅच्युअर'ला 'हौशी' म्हटलं तर इंजिन लुटुपुटीचं वाटतं, मग दुसरा काही शब्द आहे का. माझ्या मते हौशीच लिहा, बिनधास्त.

राज्य नाट्य स्पर्धेतली हौशी नाटकं बघा ना, दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणारी माणसं असतात आणि कधीकधी असं काम करतात की व्यावसायिकवाल्यांनी बघत राहावं. हौशी म्हणजे त्यावर पोट नाही, एवढंच. दर्जा सांगायला कच्चा, नवखा हे शब्द आहेतच की. पलीकडच्या बाजूला मात्र 'व्यावसायिक'च लिहा, 'धंदेवाईक' नको, त्याला नुसत्या पैशाचा वास येतो.

खरी पंचाईत शब्दाची नाहीच, माणसांची आहे. फाब्यां लतूझे या फ्रेंच प्रोग्रॅमरचं फ्रूट नावाचं इंजिन घ्या. 2005 मध्ये त्याने 2.1 आवृत्ती सोर्सकोडसकट फुकट दिली, त्याच वर्षी रेक्याविकच्या कॉम्प्युटर बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेत फ्रूट दुसरं आलं, आणि 2.1 नंतरची आवृत्ती विकायला निघाली. माणूस तोच, प्रोग्रॅम तोच, मग हौशी कुठपर्यंत म्हणायचं? म्हणून मी म्हणते की विशेषण माणसाला लावूच नका, त्या त्या आवृत्तीला लावा, 'फ्रूट 2.1 हे हौशी इंजिन' हे वाक्य बरोबर बसतं. स्टॉकफिश हे इंजिन तर आजही फुकट आहे, त्यातला प्रत्येक छोटा बदल आधी फिशटेस्ट या त्याच्या चाचणी यंत्रणेवर हजारो डाव खेळवून तपासतात आणि ते डाव जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या विजेवर चालवतात, आणि तरी ते भल्याभल्या विकाऊ इंजिनांना हरवतं. याला हौस नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं!

राहिला 'सेमी-प्रोफेशनल'. आयसीजीए या कॉम्प्युटर खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धांच्या नियमांत असा मधला गट असायचा, म्हणजे लेखकाचा गेम प्रोग्रॅमिंगच्या व्यवसायाशी संबंध आहे पण स्पर्धेत उतरवलेला प्रोग्रॅम बाजारात विकला जात नाही असे लोक. 'अर्धव्यावसायिक' म्हटलं की काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा निमसरकारीसारखं 'निमव्यावसायिक' करा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.